साम्सांच्या घरात तुम्ही कोठे उभे होतात?

जर्मनमध्ये लिहिणाऱ्या फ्रांझ काफ्काने ‘मेटॅमॉर्फसिस’ ही कथा १९१२ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, प्राग शहरात, सुमारे तीन आठवड्यांत रात्री जागून लिहिली. तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा होता, दिवसा कामगारांच्या अपघात विम्याच्या कचेरीत नोकरी करीत होता आणि आईवडिलांच्या घरी राहत होता. १९१५ मध्ये ती छापून आली. मराठी वाचकांपैकी बहुतेकांची तिच्याशी ओळख होते ती याच इंग्रजी नावाने. कापडाचे नमुने घेऊन गावोगाव फिरणारा ग्रेगोर साम्सा एका सकाळी अंथरुणात जागा होतो, तेव्हा त्याचा एक प्रचंड किडा झालेला असतो. एवढे पहिल्याच वाक्यात सांगून होते. पुढची पन्नास-साठ पाने उरतात ती घरच्यांसाठी.

मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षाला होतो. तेव्हा मी ग्रेगोर होतो. दुसरे कोणी होता येईल हे मला सुचलेसुद्धा नाही. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, ती पुन्हा हातात घेतली आणि एका साध्या परिच्छेदापाशी थांबलो. वडिलांचा व्यवसाय बुडाल्यावर ग्रेगोर कमावू लागतो आणि रोख पैसे घरच्यांसमोर टेबलावर ठेवतो, तेव्हा सगळे चकित होतात, आनंदतात. पुढे त्याची सवय होते. घरचे पैसे कृतज्ञतेने घेतात, तो आनंदाने देतो, पण पहिल्या दिवसांची ऊब पुन्हा येत नाही. माझ्या मुलाने दोन वर्षांपूर्वी पहिला पगार आणला, तेव्हा माझ्या आईने पाकीट देवापुढे ठेवले आणि शेजारी साखर वाटली. आता घराच्या कर्जाच्या हप्त्यातील अर्धा वाटा तो दर महिन्याला परस्पर खात्यात भरतो. मोबाइलवर संदेश येतो, मी तो वाचतो आणि पुसून टाकतो. पैसे मिळाल्याचे मी त्याला शेवटचे केव्हा बोलून दाखवले, हे त्या रात्री मला आठवेना. पुस्तक तसेच मांडीवर ठेवून मी बराच वेळ बसलो होतो. वयाबरोबर मी त्या घरातली जागा बदलली होती आणि मला ते कळलेही नव्हते.

म्हणून आपणा सर्वांना विनंती आहे. या कथेचा अर्थ काय, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. तो येथे नको. ही कथा वाचताना त्या घरात आपण कोठे उभे होतात, ग्रेगोरच्या खोलीच्या बंद दाराच्या आत की बाहेर, आणि का, एवढेच आपल्या अनुभवातून लिहावे.

नागपूरहून, निवृत्त औषध-विक्री प्रतिनिधी

मी एकतीस वर्षे औषध कंपन्यांचा प्रतिनिधी म्हणून विदर्भात फिरलो. ही कथा मला माझ्या मुलीने निवृत्तीनंतर वाचायला दिली. ‘बाबा, यातला माणूस तुमच्यासारखा फिरतीवर असतो,’ एवढेच तिने सांगितले होते. किड्याचा प्रकार तिने मुद्दामच सांगितला नसावा.

लोक म्हणतात की ही अद्भुत कथा आहे. माझी अडचण अशी झाली की पहिली काही पाने मला मुळीच अद्भुत वाटली नाहीत. अंगाला असंख्य बारीक पाय फुटलेले आहेत, पाठ टणक झाली आहे, कुशीवर वळता येत नाही आणि हा माणूस घड्याळाकडे पाहतो. गजर चारचा लावला होता आणि साडेसहा होऊन गेले आहेत. पाचची गाडी चुकली. पुढची सातची आहे. पण कचेरीचा शिपाई पाचच्या गाडीपाशी थांबलेला असणार आणि ग्रेगोर आला नाही हे त्याने एव्हाना वर कळवलेही असणार. पाच वर्षांत तो एकदाही आजारी पडलेला नाही. आज आजारी आहे असे कळवावे, तर मालक विम्याच्या डॉक्टरला घेऊन येईल आणि त्या डॉक्टरच्या लेखी जगात सगळी माणसे ठणठणीत पण कामचुकार असतात. हे सारे विचार मी ओळखतो. ते माझ्या डोक्यातून, जवळजवळ याच क्रमाने, गेलेले आहेत.

१९८९ चा पावसाळा होता. यवतमाळहून पुसदकडे माझा दौरा ठरला होता आणि एरिया मॅनेजर जॉइंट वर्किंगसाठी, म्हणजे माझ्याबरोबर डॉक्टरांकडे फिरण्यासाठी, यायचे होते. चार दिवसांपासून अन्नावर वासना नव्हती आणि अंगात कणकण होती. आरशात डोळे पिवळे दिसत होते, पण लॉजमधला बल्बच पिवळा आहे अशी मी स्वतःची समजूत घातली. सकाळी पहिल्याच डॉक्टरांकडे मी बॅग उघडून नव्या सिरपची माहिती सांगू लागलो. त्यांनी माझ्या हातातले पत्रक बाजूला ठेवले, माझी खालची पापणी ओढून पाहिली आणि विचारले, ‘किती दिवस झाले?’ त्यावर मी काय उत्तर दिले असेल? मी म्हणालो, ‘सर, आधी हे एवढे बघून घ्या, आमचे साहेब बाहेर बसले आहेत.’

कावीळ बरी व्हायला दीड महिना लागला. त्या दीड महिन्यातील दुखणे मला फारसे आठवत नाही. आठवते ते हे की दुसऱ्याच आठवड्यात शेजाऱ्यांच्या घरच्या फोनवर साहेबांचा फोन आला, आणि प्रकृतीची चौकशी झाल्यावर दोन स्टॉकिस्टांकडील, म्हणजे औषधांच्या घाऊक विक्रेत्यांकडील, येणे बाकी आहे, त्याचे काय, असे त्यांनी विचारले. कथेत ग्रेगोरचा वरिष्ठ थेट घरी येऊन बंद दाराबाहेरून, आईवडिलांच्या देखत, अलीकडे तुझ्याकडे वसुलीचे काम दिले होते, अशा आडवळणाने संशय बोलून दाखवतो, तेथे मी पुस्तक खाली ठेवले आणि पत्नीला हाक मारून तो भाग मोठ्याने वाचून दाखवला. तिने ऐकून एवढेच विचारले, ‘तुम्ही तेव्हा त्यांच्यावर रागावला का नाहीत?’ मला त्या वेळी राग आलाच नव्हता. मला भीती वाटली होती, आणि फोन ठेवताना मी त्यांचे आभार मानले होते. ग्रेगोरही दाराआडून लांबलचक विनवणी करतो, आठची गाडी पकडतो म्हणून सांगतो. बाहेर कोणालाही त्यातला एक शब्द कळत नाही. हा जनावराचा आवाज होता, असे वरिष्ठ म्हणतो. माझ्या मते त्या माणसाचा किडा त्या सकाळी झालेला नाही. फार तर ती सकाळ घरच्यांना कळण्याची होती.

ठाण्याहून, बँक कर्मचारी

मी ही कथा माझ्या भावाच्या निधनानंतर सहा महिन्यांनी वाचली, म्हणून माझे वाचन निर्मळ नाही, हे आधीच सांगते.

दादा चित्रकलेचा शिक्षक होता. सेहेचाळिसाव्या वर्षी त्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला. शस्त्रक्रियेनंतर उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. त्याला किती कळते आहे, हे आम्हाला शेवटपर्यंत नक्की कळले नाही. तो अशा अवस्थेत अडीच वर्षे होता. घरात आई, वडील आणि मी. मी अविवाहित आहे आणि घरातली कमावती तेव्हा मीच होते, त्यामुळे रुग्णसेवेच्या ब्यूरोतून येणाऱ्या मावशींची पाळी, डॉक्टरांशी बोलणे, औषधे आणि फिजिओथेरपी हे सगळे माझ्याकडे आले.

कथेत ग्रेटे, ग्रेगोरची सतरा वर्षांची बहीण, पहिल्या दिवशी भावासाठी दुधाचे भांडे ठेवते. दूध हे त्याचे आवडते पेय. आता मात्र त्याला ते नकोसे होते. दुसऱ्या सकाळी भांडे भरलेले पाहून ती न रागावता ते उचलते आणि त्याची आवड शोधण्यासाठी जुन्या वर्तमानपत्रावर कितीतरी पदार्थ मांडून आणते: शिळी भाजी, रात्रीच्या जेवणातली हाडे, बेदाणे आणि बदाम, दोन दिवसांपूर्वी त्यानेच खाण्यालायक नाही म्हणून बाजूला सारलेले चीज. त्याला संकोच वाटू नये म्हणून ती खोलीबाहेर जाते आणि बाहेरून किल्ली फिरवते. हे वाचताना माझ्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले, कारण मीही तेच केले होते. तीन महिन्यांनी दादाची राइल्स ट्यूब, म्हणजे नाकातून पोटात अन्न देण्याची नळी, काढली, तेव्हा गिळता काय येईल आणि रुचेल काय, हे पाहण्यासाठी मी आठ लहान वाट्या मांडल्या होत्या. मऊ भात, नाचणीचे सत्त्व, चिकूचा गर, दही, रव्याची खीर, असे. ज्या नाचणीला त्याने जन्मभर नावे ठेवली, ते सत्त्व त्याने खाल्ले, आणि त्याच्या आवडीच्या श्रीखंडाने त्याला ठसका लागला. त्या दिवशी मला फार आनंद झाला होता. मी ते डायरीत लिहून ठेवले आहे.

पण त्या आनंदातच पुढचे काहीतरी दडले होते, आणि ते मला काफ्काने दाखवले. आईवडिलांच्या तुलनेत ग्रेगोरविषयी आपल्यालाच सगळे कळते, असे ग्रेटेला हळूहळू वाटू लागते. सुरुवातीला ते खरेही असते. मग खोलीतले सामान हलवण्याचा प्रसंग येतो. ग्रेगोरला भिंतीवर फिरायला मोकळी जागा मिळावी, म्हणून कपाट आणि लिहिण्याचे टेबल बाहेर काढायचे असे ती ठरवते. आईला ते पटत नाही. सामान काढले तर आपण आशा सोडली असे त्याला वाटेल, तो परत येईल तेव्हा त्याला सगळे जसेच्या तसे दिसावे, असे ती हळू आवाजात म्हणते. ग्रेटे ऐकत नाही, आणि आई विरोध करते म्हणूनच तिचा निश्चय अधिक घट्ट होतो.

आमच्या घरी फाउलर बेड, म्हणजे डोक्याची बाजू उचलता येणारी रुग्णाची खाट, आणि ऑक्सिजनचा सिलिंडर ठेवायला जागा हवी होती आणि दादाचे ड्रॉइंगचे मोठे टेबल आडवे येत होते. आईने हेच म्हटले होते, जवळजवळ याच शब्दांत. मी तिला म्हणाले, ‘तुला यातले काही कळत नाही.’ टेबल गॅलरीत गेले. जागेची अडचण खरी होती. माझे कारण खोटे नव्हते. पण आईला गप्प करताना मला जे समाधान वाटले, ते त्या टेबलासाठी नव्हते. ते माझ्यासाठी होते.

कथेच्या शेवटच्या भागात तीच ग्रेटे घरच्यांना सांगते की या प्राण्यासमोर मी माझ्या भावाचे नाव उच्चारणार नाही, आपल्याला यातून सुटायला हवे. इंग्रजीत तेथे भावासाठी ‘इट’ हा शब्द येतो. मला तो वाचताना आठवले की ब्यूरोच्या मावशी सुरुवातीपासून ‘पेशंट’ म्हणत. ‘पेशंटला पुसून घेतलं’, ‘पेशंटने खाल्लं नाही’. पहिल्या महिन्यात मी त्यांना म्हणत असे की त्यांना दादा म्हणा. दुसऱ्या वर्षी कधीतरी मी स्वतः कचेरीतून फोन करून विचारू लागले, ‘पेशंटला ताप आहे का?’ हे नक्की केव्हा सुरू झाले, ते डायरीत कोठेही नाही. मी शोधले.

पुण्याहून, जर्मन भाषेची शिक्षिका

ठाण्याच्या ताईंचा अनुभव वाचून मी दोन दिवस लिहिण्याचे थांबवले होते. त्यांनी ‘इट’ या शब्दाचा उल्लेख केला, म्हणून मला ठाऊक असलेले थोडे सांगावेसे वाटते. त्यात माझा अनुभवही आला.

मी वीसहून अधिक वर्षे जर्मन शिकवते आहे. वरच्या वर्गाला या कथेचे पहिले पान नेहमी देते. काफ्काने ग्रेगोरचे जे झाले त्याला दिलेला शब्द ‘उनगेत्सीफर’ असा आहे, आणि त्याआधीचे विशेषण ‘उनगेहॉयर’. दोन्ही शब्द नकाराच्या ‘उन’ या उपसर्गाने सुरू होतात. उनगेत्सीफर म्हणजे झुरळ नव्हे, भुंगा नव्हे, कोणताही एक किडा नव्हे. घरात नकोसे असणारे कीटक, उंदीर अशा सगळ्यांना मिळून तो शब्द वापरतात. त्याचे मूळ जुन्या जर्मनमध्ये आहे आणि मूळ अर्थ ‘बळी देण्यास अयोग्य असा अशुद्ध प्राणी’ असा होता. हे प्रथम वाचले तेव्हा मी खुर्चीतून उठले होते, कारण आपल्याकडे याच अर्थाचा, याच घडणीचा शब्द आहे: अमेध्य. मेध म्हणजे यज्ञ; जे यज्ञात चालत नाही ते अमेध्य, आणि त्यावरून घाण, विटाळ, विष्ठा. शब्द तयार होण्याची वाट दोन्हीकडे एकच आहे. विद्यार्थ्यांना मी हे सांगते तेव्हा वर्ग शांत होतो. ग्रेगोरच्या अंगाला काय झाले हे त्या शब्दात नाही. त्याला कोठून बाहेर काढले गेले, हे त्या शब्दात आहे.

म्हणूनच काफ्काला मुखपृष्ठावर किडा नको होता. पुस्तकाचे मुखपृष्ठ होत असल्याचे समजताच त्याने २५ ऑक्टोबर १९१५ रोजी प्रकाशकांना पत्र लिहून विनवले की किडा काढू नका, तो दुरूनसुद्धा दाखवता येणार नाही. त्याऐवजी बंद दारासमोर आईवडील आणि वरिष्ठ, किंवा त्याहून बरे म्हणजे उजेडाच्या खोलीत आईवडील आणि बहीण, आणि शेजारच्या पूर्ण अंधाऱ्या खोलीचे दार उघडे, असे चित्र त्याने सुचवले. शेवटी जे छापले गेले त्यात एक माणूस दोन्ही हातांनी चेहरा झाकून उघड्या दारापासून दूर जाताना दिसतो. या चर्चेच्या आरंभी जो प्रश्न विचारला आहे, तो माझ्या मते काफ्काच्याच मनातला आहे. त्याला चित्र हवे होते ते दाराबाहेरच्यांचे.

आता सर्वनामाविषयी. जर्मनमध्ये मराठीप्रमाणेच तीन लिंगे आहेत. इंग्रजीत माणसाला ‘इट’ म्हटले की एकदम धक्का बसतो. हिंदीत नपुंसकलिंगच नसल्यामुळे हा बदल वेगळ्या मार्गाने दाखवावा लागतो. मराठीत मात्र ग्रेटेचे वाक्य जसेच्या तसे उतरते: ‘ते गेलंच पाहिजे, बाबा.’ ‘तो’चे ‘ते’ झाले, बाकी काही हलले नाही. सकाळी मोलकरीण त्याला मेलेला पाहून घरभर ओरडते, तेव्हा ती जनावरांच्या मरणासाठी वापरायचे क्रियापद वापरते. आपण ‘वारले’ आणि ‘मेलं’ यांत जो फरक करतो, तोच.

काही वर्षांपूर्वी वर्गात एका विद्यार्थिनीने मला विचारले होते की कथेचा निवेदक त्याला शेवटपर्यंत काय म्हणतो? मी घरी जाऊन पुन्हा पाहिले. निवेदक त्याला ग्रेगोरच म्हणतो, शेवटच्या श्वासापर्यंत. इतकी वर्षे शिकवूनही माझे तिकडे लक्ष गेले नव्हते.

काफ्काला स्वतःला कथेचा शेवट आवडला नव्हता. १९१४ च्या जानेवारीत त्याने रोजनिशीत तो ‘वाचवत नाही असा’ म्हणून नोंदवला आहे. कथा लिहीत असताना त्याला नोकरीच्या कामासाठी परगावी जावे लागले होते, त्याने ती बिघडली असे त्याला वाटे. मलाही शेवटची दोन पाने वर्गात मोठ्याने वाचता येत नाहीत. ती मी घरी वाचायला सांगते.

पुण्यातूनच, स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी

वरील सर्वांपेक्षा मी वयाने बराच लहान आहे. काही चुकल्यास क्षमा असावी. मी मराठवाड्यातील एका गावाहून येऊन चार वर्षे पुण्यात राज्यसेवेची तयारी करीत आहे. दिवसभर अभ्यासिका, दोन वेळची मेस, आणि तीन अटेम्प्ट झाले आहेत. ही कथा मी अभ्यासिकेतल्या एका मित्राकडून घेऊन एका रात्रीत वाचली.

माझी जागा दाराच्या आतच आहे, पण ग्रेगोरने पाच वर्षे घर चालवले होते, मी घरून पैसे घेतो. त्यामुळे मला जो प्रसंग सर्वांत जास्त लागला, त्याचा उल्लेख अजून कोणी केलेला नाही. रूपांतरानंतर वडील घरची आर्थिक स्थिती समजावून सांगतात, तेव्हा दाराआडून ग्रेगोरला कळते की बुडालेल्या व्यवसायातूनही थोडे पैसे शिल्लक राहिले होते, आणि त्याने दरमहा दिलेल्या पैशांतूनही काही बाजूला ठेवले गेले होते. त्या पैशांतून आईवडिलांवर असलेले त्याच्या मालकाचे कर्ज लवकर फिटले असते आणि तो या नोकरीतून कितीतरी आधी सुटला असता. हे त्याला समजते. तरी तो दाराआड आनंदाने मान डोलावतो आणि वडिलांनी केले तेच बरे झाले असे म्हणतो. पुढे वडिलांनी फेकलेले सफरचंद त्याच्या पाठीत रुतते, त्याहूनही मला हे वाचणे जड गेले.

आमच्या घरी याच्या उलट घडले. वडील मला नेहमी सांगत की काळजी करू नको, कापसाचे पैसे आले आहेत. गेल्या मे महिन्यात गावी गेलो असताना कागद शोधताना मला गावच्या सहकारी सोसायटीच्या कर्जाची नोटीस सापडली. तारीख माझ्या दुसऱ्या अटेम्प्टच्या आधीची होती. मी ती होती तेथेच ठेवली. गावी असलो की मी खोलीचे दार लावून बसतो. पाहुणे आले की आई बाहेर दबक्या आवाजात सांगते, ‘तो अभ्यास करतोय.’ ग्रेगोरची आईही वरिष्ठाला असेच सांगत असते, की मुलाच्या डोक्यात कामाशिवाय दुसरे काही नसते. आईच्या त्या आवाजात अभिमान आणि विनवणी एकत्र असते. मी आत असतो आणि ऐकत असतो. नोटिशीविषयी मी वडिलांशी अजून बोललेलो नाही.

कोल्हापूरहून, निवृत्त परिचारिका

मला त्या घरातली म्हातारी मोलकरीण जवळची वाटली. ती काही दयाळू नाही. ती त्याला ‘शेणकिडा’ म्हणते, आणि तोपर्यंत अडगळीची झालेल्या त्याच्या खोलीत राखेची बादली टाकते. पण त्या घरात न घाबरणारी तीच एक आहे आणि सकाळ-संध्याकाळ दार उघडून त्याच्याकडे नीट पाहणारीही तीच. छत्तीस वर्षे वॉर्डात काम करताना मी पाहिले आहे की काही नातेवाईक दारापाशी येऊन फळे देत आणि तेथूनच परतत. त्यांचे प्रेम कमी नसे. त्यांना आतल्या माणसाकडे पाहवत नसे. पाहणे हे एक वेगळेच काम आहे आणि ते अनेकदा पगारी माणसाच्या वाट्याला येते.

प्रागहून, संगणक अभियंता

मूळचा साताऱ्याचा असून सहा वर्षांपासून येथे आहे. काफ्का जेथे काम करीत असे, ती विमा कचेरीची इमारत ना पोर्झीची या रस्त्यावर आहे आणि तेथे आता हॉटेल आहे. कामाच्या वाटेवर मी तिच्यावरून अनेकदा गेलो आहे. कारखान्यांतील यंत्रांत कोणाचा हात, कोणाची बोटे गेली, याचे अहवाल लिहिणे आणि अपघात टाळण्याचे उपाय सुचवणे, हे त्याचे दिवसाचे काम होते. एखाद्या सकाळी शरीर बदलते आणि माणसाची घरातील किंमत बदलते, हे त्याच्या टेबलावर रोज कागदांतून येत असणार, असे मला ती इमारत पाहताना वाटते.

मला लिहायचे आहे ते मात्र वडिलांविषयी. कथेतले वडील रूपांतरानंतर अचानक ताठ होतात, बँकेच्या शिपायाचा सोनेरी बटणांचा गणवेश घालतात आणि मुलावर सफरचंदे फेकतात. त्यातले एक त्याच्या पाठीत रुतते आणि तसेच राहते. ते काढण्याचे धाडस कोणी करीत नाही. माझ्या वडिलांचा आणि माझा अबोला चार वर्षांचा होता, कारण मी सांगत नाही. ते गेले तेव्हा मी येथे होतो आणि विमान मिळून साताऱ्याला पोहोचेपर्यंत सगळे आटोपले होते.

त्यानंतर परत आल्यावर मी एका रविवारी नव्या ज्यू दफनभूमीत गेलो. १९२४ च्या जूनमध्ये क्षयाने गेलेला काफ्का तेथे आहे. पुढे त्याचे वडील आणि मग आईही त्याच थडग्यात ठेवली गेली. एकाच दगडावर तीन नावे आहेत, मुलाचे सर्वांत वर. खाली एक पाटी आहे ती त्याच्या तीन बहिणींसाठी. एली, वाली आणि ओटला, तिघीही नाझींच्या राजवटीत मारल्या गेल्या आणि त्यांना थडगे मिळाले नाही. मी ग्रेटेवर मनातून राग धरला होता. ती पाटी वाचल्यावर तो राग धरून ठेवणे मला जमेना. लोक त्या दगडापाशी लहान खडे ठेवतात, ती येथील ज्यूंची रीत आहे. मी दोन ठेवले. दुसरा माझ्या वडिलांसाठी होता.

ठाण्याहून, पुन्हा

पुण्याच्या मॅडमनी शेवटाविषयी लिहिले, म्हणून परत लिहिते आहे.

ग्रेगोर पहाटे मरतो. मार्चचा शेवट असतो, हवेत थोडी ऊब आलेली असते. तिघेजण त्या दिवशी कामावर न जाण्याचे ठरवतात, रजेची पत्रे लिहितात, आणि कित्येक महिन्यांनी एकत्र बाहेर पडून ट्रामने शहराबाहेर मोकळ्यावर जातात. डब्यात ऊन आलेले असते. तिघांच्याही नोकऱ्या तशा चांगल्याच आहेत, लहान आणि स्वस्त घर घेता येईल, असे त्यांचे बोलणे चालते. आईवडिलांना दिसते की मुलगी आता मोठी, सुंदर झाली आहे. उतरायची वेळ येते तेव्हा तीच प्रथम उठते आणि अंग ताणते. काफ्काला हे वाचवत नव्हते, हे मला ठाऊक नव्हते. मला मात्र सगळ्या कथेत हीच दोन पाने सर्वांत खरी वाटली, आणि कोणीतरी ती लिहून ठेवली आहेत याचा मला आधार वाटला.

दादा फेब्रुवारीत गेला. त्या रात्री मी सलग नऊ तास झोपले. अडीच वर्षांत प्रथमच. उठले तेव्हा वडील सगळ्या खिडक्या उघडत होते. तेरावा झाल्यावर दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी आम्ही तिघे तलावपाळीला गेलो. कोणी सुचवले ते आठवत नाही. एका बाकावर बसलो. आई म्हणाली, ‘हवा बरी आहे.’ मग वडील गॅलरीचा विषय काढून म्हणाले की ते टेबल आता आत घ्यायला हरकत नाही, जागा झाली आहे. आईने मान हलवली. मी भेळ आणली. आईने अर्धी ठेवली, ती वडिलांनी संपवली, आणि आम्ही साडेआठपर्यंत तेथे बसलो होतो.